शब्दांवाचून गाणं: लिस्टच्या पियानोवरून शूबर्ट युरोपभर कसा पोचला

संगीतकार फ्रान्झ शूबर्ट १९ नोव्हेंबर १८२८ रोजी व्हिएन्नात वारला तेव्हा अवघा ३१ वर्षांचा होता. मागे ६००हून जास्त गाणी ठेवून गेला. त्यातली बरीचशी छापली गेली होती आणि मित्रमंडळींच्या बैठकांत आवडीनं गायली जात होती. पण हा सगळा बोलबाला मुख्यतः व्हिएन्नापुरता. निव्वळ त्याच्या रचनांची जाहीर मैफल त्याच्या हयातीत एकदाच झाली, तीही त्याच वर्षीच्या २६ मार्चला. मोठ्या रचना तर बासनातच होत्या. त्याची थोरली सी मेजर सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, संगीतकार मेंडेल्सोननं लाइपझिगला पहिल्यांदा लोकांपुढे आणली ती २१ मार्च १८३९ला, आणि आज सगळ्यांच्या कानात असलेली ‘अपुरी’ सिंफनी पहिल्यांदा वाजली १७ डिसेंबर १८६५ला.

आता १८४२च्या एप्रिलमधलं सेंट पीटर्सबर्ग पाहा. उमरावांच्या सभागृहात सुमारे ३००० माणसं जमली आहेत. मधोमध चौथऱ्यावर दोन पियानो, एकाचं तोंड या बाजूला, दुसऱ्याचं त्या बाजूला. हंगेरीचा पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट आळीपाळीनं दोन्हींवर वाजवतो आहे. गायक नाही, वाद्यवृंद नाही. आणि कार्यक्रमात शूबर्टची दोन गाणी आहेत. पुढे रशियातला मोठा संगीतसमीक्षक झालेला व्लादिमिर स्तासोव तेव्हा विद्यार्थी होता आणि त्या सभागृहात हजर होता. त्या मैफलीची आठवण त्यानं लिहून ठेवली आहे.

व्हिएन्नाच्या बैठकीतलं गाणं गायकाशिवाय रशियात पोचलं ते पियानो रूपांतरामुळे. हे रूपांतर नेमकं कसं बनतं, त्यात काय अडतं आणि त्यानं गाण्याचा प्रसार का झाला, हे नीट पाहण्यासारखं आहे.

गाणं प्रवास का करत नाही

शूबर्टच्या धर्तीच्या जर्मन गाण्याला ‘लीड’ म्हणतात. एक गायक, एक पियानो आणि एक कविता, एवढाच संसार. इतकं हलकं सामान कुठंही सहज जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: जर्मन शब्द अर्थासकट उच्चारणारा गायक, त्याच्या तोडीचा पियानोवादक, आणि ती भाषा कळणारे श्रोते. यातलं एक जरी कमी पडलं तरी गाणं लंगडतं.

भाषांतर करून गावं, तर शब्दांची अक्षरं मोजून चालीत बसवावी लागतात. मूळ चाल विशिष्ट शब्दावर आघात देऊन बांधलेली असते. भाषांतरात त्या जागी भलताच शब्द येतो आणि सगळा जोर ‘आणि’ किंवा ‘तर’ वर पडतो. शिवाय शूबर्टची पियानोची साथ नुसते सूर धरून बसणारी नाही. ‘चरख्यापाशी ग्रेटशेन’ हे गाणं त्यानं १७व्या वर्षी, १९ ऑक्टोबर १८१४ला रचलं. त्यात उजव्या हाताच्या अखंड फिरणाऱ्या सुरांतून चरखा ऐकू येतो. ग्रेटशेनला प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते त्या क्षणी चरखा थांबतो, आणि मग अडखळत, दोनतीनदा झटका देऊन पुन्हा सुरू होतो. गाण्यातली गोष्ट निम्मी साथीतच आहे. असा पियानो वाजवणारा माणूस प्रत्येक गावात कुठून मिळणार?

उलट बाजूनं पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या खात्यापित्या घरांत पियानो आला होता, घरातल्या मुली तो शिकत होत्या, आणि गावोगावची दुकानं पियानोच्या छापील वह्या विकत होती. गायक आणि भाषा या दोन्ही अटी काढून टाकल्या आणि सगळं गाणं दोन हातांत बसवलं, तर जिथं पियानो तिथं गाणं. रूपांतरानं केलं ते एवढंच. पण ते करणं फार अवघड होतं.

तीन ओळी, दोन हात

आपल्याकडे एखादं गाणं ऐकून त्याचे स्वर कागदावर उतरवले की त्याला स्वरलेखन म्हणतात. इथलं रूपांतर म्हणजे ते नव्हे. शूबर्टच्या गाण्याची स्वरलिपी आधीच छापलेली असते. तिच्यात तीन ओळी एकाखाली एक असतात: वर गायकाची, खाली पियानोच्या उजव्या हाताची आणि सर्वांत खाली डाव्या हाताची. खालच्या दोन ओळींनीच वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. वरची तिसरी ओळ कुणी वाजवायची?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे उजव्या हाताची साथ टाकून द्यायची आणि त्या हातानं चाल वाजवायची. बाजारात अशी रूपांतरं ढिगानं होती. त्यात ग्रेटशेनचा चरखा जातो आणि उरते एक गोड चाल, खाली तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले सूर. ओळख पटते, गाणं मरतं.

दुसरी अडचण वाद्याच्या स्वभावातली आहे आणि ती मराठी वाचकाला पेटीवरून चटकन कळेल. पेटीचा सूर भाता हलतो आहे तोवर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. गायक एका सुरावर श्वास भरून थांबतो, तो सूर मध्येच फुलवतो. पियानोवाल्याला एकदा पट्टी दाबल्यावर त्या सुराचं पुढं काहीच करता येत नाही. तेव्हा पियानोवर ‘गाणं’ म्हणजे विरणाऱ्या सुरांतून न विरणाऱ्या ओळीचा भास तयार करणं.

तो भास कसा करायचा याच्या काही युक्त्या त्या पिढीच्या वादकांनी बसवल्या. जाड, लांब तारा जास्त वेळ घुमतात, वरच्या आखूड तारा लगेच विझतात. इतक्या लगेच, की पियानोच्या सर्वांत वरच्या साधारण दीड सप्तकाला सूर बंद करणारे डँपर बसवतच नाहीत. म्हणून चाल पियानोच्या मधल्या पट्ट्यात, पुरुषी आवाजाच्या उंचीवर आणली तर ती जास्त टिकते. मग ती चाल दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी वाटून घ्यायची, उरलेली बोटं खाली आणि वर साथ पसरतात, आणि पायाखालचं पेडल दाबून, सूर घुमत ठेवून सगळं जोडून घ्यायचं. ऐकणाऱ्याला तीन हात वाजवतायत असं वाटतं. ही तीन हातांची किमया सिगिसमुंड थालबर्ग या लिस्टच्या प्रतिस्पर्ध्यानं गाजवली होती. लिस्टनं ती शूबर्टच्या ‘आवे मारिया’च्या रूपांतरात वापरली: चाल मध्ये, दोन्ही हातांत विभागलेली, आणि साथ तिच्या दोन्ही अंगांनी.

एर्लक्योनिग: एका सेकंदात साडेसात आघात

हे काम जवळून पाहायचं तर ‘एर्लक्योनिग’ घ्यावं. जर्मन कवी गटेची कविता १७८२ची, शूबर्टचं गाणं १८१५चं. वादळी रात्री बाप आजारी मुलाला कुशीत घेऊन घोडा पळवतो आहे. मुलाला एर्लक्योनिग नावाचं भूत दिसतं, बोलावतं, आमिष दाखवतं. बाप समजूत घालतो. घर गाठतात तेव्हा मूल मेलेलं असतं. व्हिएन्नातल्या प्रकाशकांनी हे गाणं आधी छापलं नाही. शेवटी १८२१ मध्ये मित्रांनी वर्गणी काढून छापलं आणि त्यावर शूबर्टचा ‘कृती क्रमांक १’ असा शिक्का बसला.

साथीत उजवा हात एकाच सुराचे ऑक्टेव्ह, म्हणजे सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकदम, तीन-तीनच्या गटात आपटत राहतो. हेच घोड्याचे टाप. छापील लय मिनिटाला १५२ ठोके. प्रत्येक ठोक्यात ३ आघात म्हणजे मिनिटाला ४५६, सेकंदाला साडेसाताहून थोडे जास्त. असं जवळजवळ चार मिनिटं. खुद्द शूबर्टच्या हातची एक प्रत अशी आहे की तिच्यात तीनऐवजी दोन-दोनच आघात आहेत. वाजवणाऱ्याच्या मनगटावर दया म्हणूनच ती सोय.

लिस्टच्या हातात हे शक्य झालं त्याला वाद्याचंही कारण आहे. १८२१ मध्ये एरार या कंपनीनं ‘दुहेरी सुटका’ असलेल्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. साध्या यंत्रणेत पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा मारायला तयार होत नाही. एरारच्या यंत्रणेत पट्टी थोडी वर आली तरी हातोडी पुन्हा सज्ज. आजच्या ग्रँड पियानोत हीच रचना असते आणि त्याची एक पट्टी सेकंदाला साधारण १४ वेळा वाजू शकते. घरातल्या उभ्या पियानोची मजल साधारण ७ वेळांपर्यंत. म्हणजे छापील लयीतला एर्लक्योनिग उभ्या पियानोच्या अगदी काठावर येतो. तिथं सूर गळायला लागले तर वादकानं स्वतःला दोष देऊ नये, लय थोडी उतरवावी.

हा झाला साथीचा भाग. यावर लिस्टला चौघांची बोलणी बसवायची होती: निवेदक, बाप, मूल आणि भूत. गायक आवाजाचा पोत बदलून चौघं उभे करतो. पियानोला पोत फारसा बदलता येत नाही, जागा मात्र बदलता येते. म्हणून बापाचं बोलणं खालच्या सप्तकांत जातं, मुलाचं वर चढतं आणि ऑक्टेव्हनी दुप्पट होतं, आणि भूत बोलायला लागलं की टापांचा मारा मागे सरून सुटे, पसरलेले, हलके सूर येतात. भुताच्या बोलण्याला साथ बदलण्याची कल्पना मूळ शूबर्टचीच. लिस्टनं ती ओळखली आणि पियानोच्या भाषेत आणखी उघड केली.

मुलाची हाक शूबर्टनं जशी बांधली आहे ती तर रूपांतरात मुळीच बिघडवता येत नाही. ‘बाबा, बाबा’ ही आरोळी सुरुवातीला जिथं येते तिथं मुलाचा सूर साथीत घणाणणाऱ्या सुरापेक्षा नेमका अर्धा सूर वर असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना घासतात. पुढच्या प्रत्येक वेळी ती आरोळी आणखी वरच्या सुरावर. शब्द एक अक्षरही न कळणाऱ्या माणसाला ही घासणारी आणि चढत जाणारी हाक कळते. इथं भाषेवाचून काही अडत नाही. शेवटी घोडा थांबतो, साथ गप्प होते, आणि मूल मेल्याची ओळ जवळजवळ बोलल्यासारखी येते. मग दोन कॉर्ड. लिस्टनं इथं काहीही सजवलं नाही, आणि हे त्याचं शहाणपण.

कडवं तेच, शब्द वेगळे

गाण्याचं सगळंच असं नाट्यमय नसतं. शूबर्टच्या कित्येक गाण्यांत दोन-तीन कडव्यांना एकच चाल आहे. गाताना कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक कडव्यात शब्द नवे असतात. शब्द काढले की तीच चाल तशीच तीनदा ऐकायची वेळ येते. साध्या रूपांतरांचा दम इथंच सुटायचा.

लिस्टनं यावर काढलेला तोडगा ‘श्टेंडशेन’, म्हणजे रात्री प्रेयसीच्या खिडकीखाली म्हणायच्या गाण्यात सर्वांत सुंदर दिसतो. एका कडव्यात चाल गायकाच्या नेहमीच्या उंचीवर. एका कडव्यात ती खाली उतरते, चेलो वाजावा तशी. आणि पुढे एका ठिकाणी चालीच्या मागोमाग वरच्या सप्तकात तिचा प्रतिध्वनी निघतो, जणू खिडकीतून कुणी ओळ परत म्हणतंय. हा प्रतिध्वनी शूबर्टनं लिहिलेला नाही. पण कवितेत कोकिळा आहेत, रात्र आहे, उत्तराची वाट पाहणं आहे. शब्दांनी जे केलं असतं ते लिस्टनं सुरांच्या जागेनं केलं. मूळ गाण्याशी प्रामाणिक राहणं म्हणजे त्यातला एकही सूर न बदलणं, ही समजूत या एका रूपांतरानं मोडते.

सगळीकडे त्याचा तोल राहिला असं मात्र नाही. ‘डोपेलगेंगर’ या गाण्यात शूबर्टनं साथीत मोजके, थंड, रिकामे कॉर्ड ठेवले आहेत. लिस्ट तिथं सुरांचा थरथराट भरतो आणि त्या गाण्यातली भयाण शांतता बरीच कमी होते. विरणारा सूर टिकवायला थरथराट उपयोगी पडतो हे खरं, पण इथं तो सूर विरू द्यायला हवा होता.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. यातल्या बऱ्याच छापील प्रतींत कवितेचे शब्द चालीच्या सुरांना लागून छापलेले आहेत, आणि हे व्हावं असा खुद्द लिस्टचा आग्रह होता. पियानो एकट्यानं वाजवायचा, गाणारं कुणी नाही, मग शब्द कशाला? कारण शब्द दिसले की वादकाला श्वास कुठं घ्यायचा ते कळतं, जोर कुठं द्यायचा ते कळतं, आणि हाताखालची चाल कशाबद्दल आहे ते कळतं. आपल्याकडे पेटीवर ओळखीचं नाट्यपद वाजलं की ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपोआप उमटतात. व्हिएन्नाच्या श्रोत्यांचं तसंच व्हायचं. लंडन-पॅरिसच्या वादकाला मात्र शब्द पानावरूनच मिळायचे, आणि तिथून मूळ गाण्याची वही विकत घ्यायला फार लांब जावं लागत नसे.

मैफल, दुकान, घर

लिस्टनं शूबर्टच्या गाण्याचं पहिलं रूपांतर, ‘गुलाब’, १८३३ मध्ये केलं. खरी लाट आली १८३८ला. त्या मार्चमध्ये डॅन्यूबला महापूर येऊन पेस्ट शहराची वाताहत झाली. व्हेनिसमध्ये असलेल्या लिस्टला ते कळलं आणि पूरग्रस्तांसाठी वाजवायला तो व्हिएन्नाला आला. पहिली मैफल १८ एप्रिलला. लहानपणी व्हिएन्नात शिकलेला हा हंगेरीचा मुलगा आता युरोप गाजवून परतला होता, आणि त्यानं व्हिएन्नाकरांना त्यांच्याच मेलेल्या शूबर्टची गाणी पियानोवर ऐकवली.

व्हिएन्नाचे प्रकाशक लगेच पुढे आले. याचं व्यापारी कारण समजून घ्यावं. शूबर्ट आपली गाणी बहुधा एकरकमी विकून टाकायचा, त्यामुळे छापायचे हक्क प्रकाशकांकडे होते. एकच गाणं गायक-पियानोसाठी, गिटारच्या साथीसाठी, एकट्या पियानोसाठी अशा वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विकता येत होतं. त्यात लिस्टचं नाव असेल तर बोलायलाच नको. डियाबेली या प्रकाशकानं १२ गाण्यांचा संच काढला. ‘एर्लक्योनिग’, ‘चरख्यापाशी ग्रेटशेन’ आणि ‘आवे मारिया’ त्यातलीच. दुसरा प्रकाशक हासलिंगर, त्याच्याकडे शूबर्टची शेवटची १४ गाणी होती. शूबर्टच्या भावाकडून घेऊन त्यानं ती १८२९ मध्ये ‘हंसगीत’ या नावानं काढली होती. लिस्टनं ती १४ही पियानोसाठी केली, आपल्या मनाप्रमाणे क्रम बदलून. पाठोपाठ ‘हिवाळ्यातला प्रवास’ या २४ गाण्यांच्या मालिकेतली १२. पुढच्या काही वर्षांत आकडा ५०च्या वर गेला.

मग साखळी फिरायला लागली. लिस्ट गावात यायचा, मैफलीत ‘श्टेंडशेन’ किंवा ‘एर्लक्योनिग’ वाजवायचा, ऐकणारे दुकानात जाऊन वही मागायचे, घरी वाजवायला बसायचे. अनेक ठिकाणी मुख्य ओळीच्या वर बारीक टायपात सोपा पर्याय छापलेला असे. अवघड जागी अडकलेल्या घरगुती वादकाला त्याचाच आधार. ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये लिस्टनं एकट्यानं वाजवलं तेव्हा जाहिरातीत ‘रिसायटल’ हा शब्द पहिल्यांदा वापरला गेला. एकल वादनाला आज जगभर जो शब्द आहे, त्याच्या त्या पहिल्या कार्यक्रमातही शूबर्टची दोन गाणी होती: ‘श्टेंडशेन’ आणि ‘आवे मारिया’.

यात शूबर्टचं थोडं नुकसानही झालं, ते नाकारू नये. लोकांच्या मनात तो ‘गोड चालींचा माणूस’ म्हणून बसला. त्याचे पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचना, कितीतरी वर्षं मागे पडले. पण लिस्ट गाण्यांवर थांबला नाही, हेही नोंदवायला हवं. जर्मनीतल्या वायमारला असताना त्यानं शूबर्टचा ‘अल्फोन्सो आणि एस्ट्रेला’ हा ऑपेरा २४ जून १८५४ला पहिल्यांदा रंगमंचावर आणला. तो लिहून तेव्हा ३० वर्षं उलटली होती.

पियानो रूपांतरानं नाव पसरण्याची गोष्ट एकट्या शूबर्टची नाही. फ्रेंच संगीतकार बर्लिओझची ‘फँटास्टिक’ सिंफनी लिस्टनं पियानोवर उतरवली आणि १८३४ मध्ये स्वतःच्या खर्चानं छापली. जर्मनीत संगीतकार आणि समीक्षक रॉबर्ट शूमाननं १८३५ मध्ये त्या सिंफनीचं लांबलचक परीक्षण लिहिलं ते वाद्यवृंदाची प्रत न पाहता, लिस्टची पियानोची वही समोर ठेवून. वाद्यवृंदाची पूर्ण प्रत छापून आली १८४५ला. वही नसती तर त्या परीक्षणाला दहा वर्षं वाट पाहावी लागली असती.

पियानोवरून परत गळ्यात

रूपांतरं येतात आणि मूळ गाण्याची जागा बळकावतात, अशी तक्रार नेहमी होते. पॅरिसमध्ये घडलं ते उलट. आदोल्फ नूरी हा पॅरिस ऑपेराचा पहिल्या फळीचा टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक. १८३०च्या दशकाच्या मध्याला एका घरगुती मैफलीत त्यानं लिस्टला पियानोवर ‘एर्लक्योनिग’ वाजवताना ऐकलं आणि तो या संगीताच्या मागेच लागला. फ्रेंच शब्द करून घेतले, सराव केला, आणि पॅरिसमध्ये शूबर्टची गाणी गायला लागला. १८३७ मध्ये ल्योनला त्याच्या गाण्याला साथ करायला पियानोवर खुद्द लिस्ट होता. नूरी १८३९ला गेला, तोवर फ्रान्सच्या बैठकींत शूबर्टचं नाव रुजलं होतं. जर्मन लीड फ्रेंच गळ्यात गेलं त्याची एक वाट अशी पियानोवरून गेली.

आज वाजवताना काय बिघडतं

ही रूपांतरं आजही वाजवली जातात, आणि ‘श्टेंडशेन’ तर बहुतेक विद्यार्थी कधी ना कधी हाती घेतात. सूर फार नाहीत, म्हणून सोपं वाटतं. तिथंच फसगत.

पहिलाच ठोका घ्या. चालीत त्या ठोक्यात तीन सूर समान अंतरानं आहेत, आणि साथीत त्याच ठोक्यात दोन. तीनाला दोन. घाईत हात ते जुळवून टाकतो: तीन सूर समान न राहता लांब-आखूड होतात आणि आर्जवाची ओळ लंगडत चालायला लागते. चाल एकटी, मोठ्यानं शब्द म्हणत वाजवावी. मग साथ एकटी, टाळी देत. मग दोन्ही, अर्ध्या लयीत. तीन सूर टाळीवर मोजून बसवायच्या भानगडीत पडू नये, ते आधी गळ्यात बसले की हातात बसतात.

दुसरं, बोटांचं उलटं गणित. चाल उजव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेत येते, जी सर्वांत कमजोर बोटं. साथ येते अंगठा आणि तर्जनीत, जी सर्वांत दांडगी. हात मोकळा सोडला की साथ चालीच्या डोक्यावर बसते. यावर एक जुना इलाज आहे: चालीचे सूर पूर्ण वाजवायचे आणि साथीच्या पट्ट्यांना नुसता स्पर्श करायचा, आवाज न काढता. काही दिवस असं केलं की हाताला वजन कुठं टाकायचं ते कळतं. मग साथ हळूहळू ऐकू येऊ द्यायची, चालीच्या एक तृतीयांशाइतकी, त्याहून जास्त नाही.

तिसरं, पेडल. साथ गिटारच्या छेडलेल्या तारांसारखी आहे, सुटी सुटी. पेडल पूर्ण दाबून ठेवलं तर गिटार बुडते. दाबलंच नाही तर चाल तुटते. चाल शक्य तितकी बोटांनीच धरून जोडावी, पेडल कॉर्ड बदलली की बदलावं, आणि पूर्ण खाली न दाबता अर्ध्यावर ठेवावं. सध्याच्या पियानोच्या खालच्या तारा शूबर्टच्या काळातल्या वाद्यांपेक्षा फार जास्त घुमतात, म्हणून हे आणखी जपायला लागतं.

प्रतिध्वनीच्या भागात बहुतेकांचा कल दोन्ही आवाज सारखे काढण्याकडे असतो. मग कोण बोलतंय आणि कोण परत म्हणतंय हेच कळत नाही. खालची ओळ माणसाची, वरची लांबून येणारी. वरचे सूर तसेही लवकर विझतात. ते विझू द्यावेत, जोर लावून टिकवायला जाऊ नये.

‘एर्लक्योनिग’ बसवणाऱ्यानं मात्र छापील १५२ला हात घालण्याआधी ८० ते ९०च्या लयीत पूर्ण पानं वाजवून पाहावीत. मनगट कडक होत असेल तर तिथंच थांबावं; दुखरा हात घेऊन लय वाढवली तर दुखणं महिनोन् महिने मागं लागतं. ऑक्टेव्ह वाजवताना पट्टी पूर्ण वर येऊ न देता तिच्या जवळच राहावं, ग्रँड पियानोची ती सोय वापरण्यासाठीच आहे. बापाची ओळ येते तिथं टापांचा आवाज निम्म्यावर आणला की दोन फायदे होतात: शब्द नसतानाही बाप ऐकू येतो, आणि पुढच्या आरोळीसाठी हातात ताकद शिल्लक राहते.